लेझर कोणता, हा नंतरचा प्रश्न

आलेलं पत्र, थोडं आखडतं घेऊन:

"नमस्कार मॅडम. आम्ही पलूस तालुक्यातले, नदीकाठचे. दोन एकर द्राक्षबाग आहे, थोडा ऊस आहे. थोरली लेक २० वर्षांची. सांगलीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, फिजिक्स घेऊन. चौथीत असल्यापासून चष्मा. या वर्षात दोन स्थळं चष्म्यावरून परत गेली, म्हणून चष्मा काढायचं ऑपरेशन करून घ्यायचं घरात ठरलं. एका मोठ्या दवाखान्यात दाखवलं. त्यांनी तीन प्रकार सांगितले. एक ब्लेडचं, एक बिनब्लेडचं फेमटो, आणि सगळ्यात भारी म्हणजे पापुद्रा न काढता करायचं. दिवाळीच्या आत केलं तर सूट आहे. तुमचा कॉर्निया पातळ आहे, पण भारीतल्या लेझरला चालतो, असं म्हणाले. दुसऱ्या एका डॉक्टरांनी कागद बघून 'एवढ्यात नको' एवढंच सांगितलं. रिपोर्टावर उजव्या डोळ्याला ५०१ आणि डाव्याला ४८४ लिहिलंय. मागच्या आणि या वर्षीच्या नंबराचे कागद जोडलेत, त्याआधीचे २०२१ च्या पुरात गेले. तिचे डोळे सारखे खाजतात, चोळत असते. लेझरनं डोळा भाजतो का? तिन्हीतला कोणता करावा? मालक म्हणतात, पैसे जाऊ देत, भारीतलंच करू."

ताई,

कागदांची झेरॉक्स जोडलीत हे फार बरं केलंत. नुसतं 'चष्मा काढायचाय' एवढंच लिहिलं असतंत तर मला काही सांगता आलं नसतं. दिवाळी तोंडावर आहे म्हणून उत्तर आधी देते: आत्ता तिन्हीतलं कोणतंच ऑपरेशन करू नका. साधं नको, भारीतलंही नको. दुसऱ्या डॉक्टरांनी 'एवढ्यात नको' म्हटलं ते बरोबरच आहे. त्यांनी कारणही सांगायला हवं होतं. ते मी सांगते. मी ३० वर्षं मिरजेत कॉर्नियाचेच पेशंट बघितले, तेव्हा पत्र जरा लांबेल. लेकीला शेजारी बसवून वाचा, यातलं बरंचसं तिच्या विषयातलं आहे.

आधी तुमच्या मनातली भीती. लेझरनं डोळा भाजतो का? या लेझरनं नाही. का नाही, ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरची काच. घड्याळाच्या काट्यांवर काच असते, तशी ही डोळ्यावर असते. साडेअकरा-बारा मिलिमीटर रुंद, आणि मधोमध जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तुमच्या रिपोर्टावरचे ५०१ आणि ४८४ हे तिच्या जाडीचे आकडे आहेत, मायक्रॉनमधले. १ हजार मायक्रॉनचा १ मिलिमीटर होतो. बहुतेकांची जाडी ५२० ते ५५० च्या दरम्यान भरते. या काचेत रक्तवाहिनी नसते, म्हणून तिथं कापलं तरी रक्त येत नाही. डोळा जेवढा प्रकाश वळवतो, त्यातलं दोन तृतीयांश काम ही काच तिच्या गोलाईवर करते. म्हणून चष्म्याचा नंबर घालवायचा तर याच काचेची गोलाई बदलतात. तुमच्या लेकीसारखा उणे नंबर असला तर मधला भाग थोडा सपाट करायचा.

आता भाजण्याचं. तव्यावर बोट टेकवून ठेवलं तर फोड येतो. भाकरी उलटताना तेच बोट तव्याला निसटतं लागलं तर काही होत नाही. तवा तेवढाच तापलेला असतो, फरक पडतो तो वेळेचा. फेमटोसेकंद लेझरचं सगळं इंगित या वेळेतच आहे. एका सेकंदाचे १ हजार लाख कोटी भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे १ फेमटोसेकंद. एका सेकंदासमोर ३ कोटी १७ लाख वर्षं जेवढी मोठी, तेवढाच एका फेमटोसेकंदासमोर एक सेकंद मोठा. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावतो, पण एका फेमटोसेकंदात तो मायक्रॉनचा तिसरा हिस्सासुद्धा धड ओलांडत नाही. ऑपरेशनच्या मशिनमधला एकेक झोत अशा काहीशे फेमटोसेकंदांचा असतो.

हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. तांबड्याच्या पलीकडचा, साधारण १ मायक्रॉन तरंगलांबीचा. खिडकीच्या काचेतून ऊन आत यावं तसा तो कॉर्नियात शिरतो, वाटेत काही करत नाही. जिथं त्याचा नेम धरलेला असतो, त्या टिंबाएवढ्या जागीच त्याची सगळी ताकद एकवटते. तिथला कण एका क्षणात वायू होतो आणि काही मायक्रॉनचा बुडबुडा उठतो. उष्णतेला आजूबाजूला पसरायला सवडच मिळत नाही. असे बुडबुडे एकाला एक लावून, एकाच खोलीवर ओळीनं मांडत गेलं की वरचा थर खालच्यापासून सुटतो.

भाकरी फुगते तेव्हा काय होतं ते डोळ्यासमोर आणा. जाळावर टाकली की आतल्या पाण्याची वाफ होते, ती वाफ पापुद्रा उचलून धरते, मग आपण बोटानं तो सोडवून घेतो. दवाखान्यात तुम्हाला पापुद्रा म्हणून सांगितलं, तो शब्द अगदी चपखल आहे. वायू थर सुटा करतो, डॉक्टर बारीक सळईनं तो उचलतात. भाकरीचा पापुद्रा कुठं जाड, कुठं पातळ निघतो. इथं ११० मायक्रॉन ठरवला तर सगळीकडे जवळजवळ तेवढाच निघतो.

लेकीला हेही सांगा. एवढा आखूड आणि तरी जोरकस झोत तयार करायची युक्ती १९८५ मध्ये जेरार मूरू आणि डॉना स्ट्रिकलंड यांनी अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात काढली. झोत आधी लांबवायचा, मग त्याची ताकद वाढवायची, आणि शेवटी तो पुन्हा दाबून आखूड करायचा. लांबवलेला असताना त्याचा जोर वेळेत विभागला जातो, त्यामुळं यंत्राची काच फुटत नाही. स्ट्रिकलंडबाई तेव्हा पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनी होत्या. याच कामासाठी दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं. फिजिक्सचं नोबेल मिळालेल्या त्या फक्त तिसऱ्या महिला. आणि डोळ्यांशी या लेझरचा संबंध आला तो एका अपघातातून. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या मूरू यांच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात हा किरण चुकून गेला. तपासणाऱ्या रॉन कर्ट्झ नावाच्या तरुण डॉक्टरांना आत जी जखम दिसली ती इतकी बारीक आणि रेखीव गोल होती, की हा कुठला लेझर, असं त्यांनी विचारलं. पुढं ते टिबोर युहास या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर कामाला लागले, आणि या शतकाच्या सुरुवातीला कॉर्निया कापायचं मशिन दवाखान्यात आलं. तुमची लेक कॉलेजात शिकते त्याच फिजिक्समधून हे आलंय. चष्म्यापायी ती स्वतःला कमी समजत असेल तर हे तिला नक्की ऐकवा.

तर भाजत नाही. दुखतही नाही, थेंब घालून डोळा बधिर करतात. लेझर चालू असताना डोळा हलू नये म्हणून वरून एक रिंग टेकवून धरतात, तेव्हा दाब जाणवतो आणि काही सेकंद समोरचं अंधुक होतं. मशिन उत्तम आहे, माझ्या मनात त्याबद्दल शंका नाही.

आता ते तीन प्रकार. ब्लेडच्या प्रकारात पापुद्रा मोटारीवर चालणाऱ्या पात्यानं काढतात. बिनब्लेडच्या प्रकारात तो फेमटो लेझरनं काढतात. दोन्हीत पुढचं खरं काम दुसराच लेझर करतो, एक्सायमर. तो १९३ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश, आत शिरत नाही, पृष्ठभागावरूनच कणाकणानं थर उडवतो. (तोही उगाच सापडला नाही. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएममध्ये होते. १९८१ मध्ये सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर त्यांनी तो चालवून बघितला, आणि कडा न जळता स्वच्छ खाच पडली.) तिसऱ्या प्रकारात, ज्याला स्माइल म्हणतात, फेमटो एकटाच सगळं करतो. कॉर्नियाच्या आतच भिंगाच्या आकाराची एक पातळ चकती सुटी करतो, आणि २ ते ४ मिलिमीटरच्या चिरेतून डॉक्टर ती चकती ओढून बाहेर काढतात. पापुद्रा उघडावा लागत नाही, नसा कमी तुटतात, त्यामुळं नंतर डोळे कोरडे पडायचा त्रास सहसा कमी होतो.

पापुद्रा एकसारखा निघण्यात लेझर ब्लेडपेक्षा सरस आहे. पण ऑपरेशन नीट झालेलं असलं तर सहा महिन्यांनी ब्लेडवाल्याला किती दिसतं आणि फेमटोवाल्याला किती, यात फारसं अंतर उरत नाही. भाव मात्र वेगवेगळे असतात. मालकांना हे जरूर सांगा. भारीतल्या बियाण्यानं पीक येतं ते जमीन बरी असली तर. बागायतदाराला हे मी शिकवायला नको.

आणि तुमच्या लेकीच्या बाबतीत अडचण जमिनीचीच आहे.

डाव्या डोळ्याचे कागद शेजारीशेजारी ठेवा. मागच्या वर्षी नंबर उणे ५.५०, त्याबरोबर सिलिंड्रिकल, म्हणजे काचेची गोलाई सगळ्या बाजूंनी सारखी नसल्याचा नंबर, उणे १. या वर्षी उणे ६.२५, सिलिंड्रिकल उणे २. उजवाही वाढलाय, पण अर्ध्यानं. चष्मा काढायचा तर नंबर निदान वर्षभर जागचा हलता कामा नये, फार तर अर्ध्या नंबराचा फरक चालतो, हा पहिला नियम. तो इथंच मोडतोय. आज सहा नंबर काढलात आणि पुढच्या वर्षी आणखी एक चढला तर पुन्हा चष्मा लागेल, आणि कॉर्निया मात्र पातळ होऊन बसलेला असेल.

मला जास्त घोर लागलाय तो दुसऱ्या आकड्याचा. एका डोळ्याचा सिलिंड्रिकल नंबर वर्षात दुप्पट होतो, तोच कॉर्निया दोन्हीतला पातळ निघतो, वय वीस, आणि पोरगी डोळे चोळते. एवढं सगळं एका जागी आलं की कॉर्नियाच्या डॉक्टरला पहिली शंका येते ती केराटोकोनसची. यात कॉर्निया कमजोर होतो, बहुतेक वेळा मधोमध किंवा जरा खाली पातळ पडून तिथं पुढं फुगत जातो, शंकूसारखा. हा आजार बहुधा कोवळ्या वयात, पंधरा ते पंचविशीत सुरू होतो. सुरुवातीला चष्म्याचा नंबर बदलत राहतो, बाकी काही कळत नाही. आहेच असं मी म्हणत नाही. तुम्ही पाठवलेल्या कागदावर नुसती जाडी आहे, कॉर्नियाच्या उंचसखलपणाचा नकाशा नाही. शंका मात्र पक्की आहे, आणि ती फिटेपर्यंत या काचेतला एक मायक्रॉनसुद्धा कुणी काढू नये.

पहिल्या दवाखान्यानं 'चालतो' कसं म्हटलं, त्याचा हिशेब करून दाखवते. ६ मिलिमीटर रुंदीच्या भागात एक नंबर घालवायला ढोबळमानानं १२ मायक्रॉन खर्ची पडतात. डाव्या डोळ्यात जास्तीत जास्त सव्वाआठ नंबर काढायचे, ६.२५ आणि २ मिळून. म्हणजे ९९ मायक्रॉन. पापुद्र्याचे ११०. ते नंतर जागेवर बसवतात खरे, पण कापलेला पापुद्रा पुन्हा पहिल्यासारखा भार घेत नाही. ४८४ मधून दोन्ही वजा करा, उरतात २७५. जुना नियम सांगतो की खाली निदान २५० उरले पाहिजेत. उरले. म्हणून 'चालतो'. पण दुसरा एक हिशेब असतो. एकूण जाडीपैकी किती भाग तुम्ही हलवला, ते प्रमाण ४० टक्क्यांच्या आत असावं. इथं २०९ मायक्रॉन हलतात, म्हणजे ४३ टक्के. आणि हे दोन्ही हिशेब निरोगी कॉर्नियाचे आहेत. कॉर्निया मुळातच कमजोर असेल तर ३०० उरले काय आणि ३५० उरले काय, भरवसा देता येत नाही.

पापुद्रा नसलेलं ऑपरेशन पातळ कॉर्नियालाही चालतं, हे तुम्हाला सांगितलं गेलं. वरचा थर न कापल्यामुळं त्यात थोडी बळकटी राहते, हा विचार चुकीचा नाही. पण तेवढ्याच नंबरासाठी आतली चकती जरा जाड काढावी लागते. आणि संशयित कॉर्नियावर केल्यावर त्या ऑपरेशननंतरही काच पुढं सरकल्याचे पेशंट आहेत. लेझर कितीही वेगवान असला तरी तो काचेतून काढून घेतो, भर घालत नाही.

माझ्याकडे एक मुलगा आला होता, वाळव्याकडचा. इंजिनीअरिंगला होता. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. पहिलं वर्ष छान गेलं. मग रात्री गाडीच्या दिव्याला खाली शेपूट दिसायला लागलं, एका दिव्याचे तीन-तीन दिवे दिसायला लागले. समोर बसून तो हे सांगत होता आणि सांगता सांगता उजव्या हाताच्या बोटाचं पेर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात घालून गोल गोल फिरवत होता. मी त्याचा हात धरला. 'हे कधीपासून करतोस?' तर म्हणाला, 'शाळेत असल्यापासून, मॅडम. बरं वाटतं.' ऑपरेशनच्या आधीचे कागद मागवले. जाडीचा आकडा होता, नकाशा काढलेलाच नव्हता. डोळे चोळतोस का, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्याच्या कॉर्नियात आधाराची रिंग बसवायला पुण्यात जो बोगदा पाडावा लागला, तो फेमटो लेझरनंच पाडला. आता कडक लेन्स घालून त्याचं काम चालतं. पण २३ वर्षांच्या पोराला ते सगळं सोसावं लागलं ते एका न काढलेल्या नकाशामुळं, आणि ते माझ्या मनातून अजून जात नाही. म्हणून तुम्हाला एवढं लांबण लावून लिहितेय.

तर आता काय करायचं.

चोळणं आजपासून बंद. हे मी सल्ल्यातलं सगळ्यात वरचं धरते. सल्फरची धुरळणी, ब्लोअरची फवारणी, उन्हाळ्याची धूळ, यानं डोळ्यांना ॲलर्जी होते हे तुमच्याकडे नवीन नाही. खाज आली की स्वच्छ फडकं गार पाण्यात भिजवून पिळायचं आणि मिटल्या डोळ्यांवर पाच मिनिटं ठेवायचं. ॲलर्जीचे थेंब डॉक्टरांकडून लिहून घ्या. मेडिकलवाल्याला सांगून कुठलेही थेंब आणू नका. लगेच आराम देणाऱ्या थेंबांत बऱ्याचदा स्टेरॉईड असतं, महिनोन्‌महिने घातलं तर काचबिंदू होऊ शकतो, आणि त्यानं गेलेली नजर परत येत नाही. पालथं झोपून उशीत डोळा दाबायची सवय असेल तर तीही मोडा. झोपेत चोळते का, हे तुम्ही स्वतः एक-दोन रात्री जागून बघा.

बागेत फवारणी चालू असेल तेव्हा तिला तिथं जाऊ देऊ नका, गेलीच तर डोळ्यांवर बंद गॉगल हवा. उसात शिरतानाही. ऊस तोडताना पान लागून डोळ्यात बुरशी शिरलेले पेशंट मी या जिल्ह्यात इतके बघितलेत की यावर वेगळं पत्र होईल. फूल पडलं की पुढं कॉर्निया बदलण्यापर्यंत वेळ येते.

मग दोन्ही डोळ्यांचा कॉर्नियाचा नकाशा काढून घ्या, पेंटाकॅम किंवा तसल्या मशिनवर. त्यात पुढच्या आणि मागच्या, दोन्ही बाजूंचा उंचसखलपणा रंगांत दिसतो. आजाराची पहिली खूण बऱ्याचदा मागच्या बाजूला असते. हा नकाशा कॉर्नियाच्याच डॉक्टरांना दाखवा. मिरज-सांगलीत, कोल्हापुरात, पुण्यात असे डॉक्टर आहेत. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर नकाशाच्या आधी मऊ लेन्स निदान एक-दोन आठवडे बंद ठेवायची, नाहीतर काचेवर तिचा ठसा राहतो आणि नकाशा फसवतो. सहा महिन्यांनी त्याच मशिनवर पुन्हा काढा. एका नकाशापेक्षा दोन नकाशांतला फरक जास्त बोलतो.

नकाशात केराटोकोनस निघाला आणि तो वाढताना दिसला, तर घाबरून जाऊ नका. त्याला आज इलाज आहे, क्रॉसलिंकिंग. आपल्याकडे सी-थ्री-आर म्हणतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी तो बसवला. रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे पिवळे थेंब घालून डोळ्यावर अतिनील प्रकाश सोडतात, मूळ पद्धतीत अर्धा तास. त्यानं कॉर्नियाचे धागे एकमेकांना बांधले जातात आणि काच घट्ट होते. नंबर जाईल अशा आशेनं तो करायचा नसतो. आजार आहे तिथं थांबवायचा असतो. त्यासाठी ४०० मायक्रॉनच्या वर जाडी लागते. तुमच्या लेकीकडे ती आज आहे. लेझरनं १०० मायक्रॉन काढून बसल्यावर राहिली नसती.

नकाशा अगदी स्वच्छ निघाला आणि नंबर पुढचं वर्षभर हलला नाही, तर मग बोलता येईल. तेव्हाही एवढ्या नंबराला आणि पातळ कॉर्नियाला मी आधी आयसीएलचा विचार करीन. त्यात कॉर्नियातलं काही काढत नाहीत, डोळ्याच्या आत, नैसर्गिक भिंगाच्या पुढं एक पातळ लेन्स सरकवून ठेवतात. त्यासाठी आतली जागा मोजावी लागते, आणि २१ पूर्ण झालेली बरी. पण तो पुढचा प्रश्न.

काही झालं तरी थेंब घालून बाहुली मोठी करून पडदा, म्हणजे रेटिना, तपासून घ्या. सहाच्या वर नंबर असलेला डोळा लांबट असतो, आतला पडदा ताणलेला असतो. चष्मा काढल्यानं तो ताण जात नाही. अचानक वीज चमकल्यासारखं दिसलं किंवा काळे ठिपके खूप वाढले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, हे तिला सांगून ठेवा. थेंबांनंतर तीन-चार तास अंधुक दिसतं, सोबत कुणीतरी जा.

आता स्थळांचं. ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात मालकांचं म्हणणं आहे, दवाखान्याचं म्हणणं आहे, परत गेलेल्या पाहुण्यांचं म्हणणं आहे. लेकीचं म्हणणं एका ओळीतही नाही. ऑपरेशन तिच्या डोळ्यांचं आहे आणि ती सज्ञान आहे, तेव्हा तिला आधी विचारा. चष्म्यावरून परत गेलेल्या दोन स्थळांसाठी तिची नजर पणाला लावू नका, हे मी एक आई म्हणून सांगतेय. आणि पुढं आजार निघालाच तर तो लपवून लग्न जमवू नका. बसल्या बैठकीत नीट सांगा. ज्यांना ते झेपेल त्यांच्याच घरात ती सुखानं राहील. तोवर तिला हौसेनं एक चांगला चष्मा करून द्या. हल्ली जास्त नंबराच्याही काचा पातळ मिळतात, फ्रेम लहान घेतली तर कडेला जाड दिसत नाहीत. दिवाळीची सूट जाऊ द्या.

आणखी एक काम घरातच आहे. पुरात कागद गेले म्हणता, पण जुने चष्मे गेले नसतील. माळ्यावर, पेटीत, देवघराच्या खणात शोधा. काचेवर चरे असले, काडी तुटलेली असली तरी चालतात. चष्म्याच्या दुकानातल्या छोट्या मशिनवर काच ठेवली की तिचा नंबर कळतो, सिलिंड्रिकलसकट. म्हणजे कोणत्या वर्षी डावा डोळा कुठं होता, ते कागदाशिवाय समजेल, आणि नंबर केव्हापासून पळायला लागला हे डॉक्टरांना दिसेल. प्रत्येक चष्म्याला चिठ्ठी बांधा, कितवीत असताना घातला होता ते लिहा, आणि सगळे एका पिशवीत घालून बरोबर न्या.